पापणी वर जाते की खाली पडते, ते आधी बघा

तुमच्या आईला ग्रेव्हज आहे (शरीराच्याच अँटीबॉडीजमुळे थायरॉईड ग्रंथी जास्त चालते तो आजार) आणि तिची पापणी संध्याकाळी पडते, ते थायरॉईडमुळेच असेल, असं या चर्चेत म्हटलंय. मला नाही पटत. ग्रेव्हजमध्ये पापणी उलट वर ओढली जाते, डोळे वटारल्यासारखे दिसतात. सकाळी ठीक आणि दिवस कलला की जड, हे लक्षण मायस्थेनिया ग्रॅव्हिसचं वाटतं (यात नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही, स्नायू लवकर थकतात).

माझ्या आत्याचं हेच झालं. रात्री मालिका बघताना एक डोळा हाताने झाकून बसायची, कारण दोन-दोन दिसायचं. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला (पैसे वाया). शेवटी एका न्यूरोलॉजिस्टनी रुमालात बर्फ गुंडाळून पापणीवर दोन मिनिटं धरला आणि पापणी चक्क वर आली! थंडाव्यात नसेचा निरोप स्नायूपर्यंत जरा बरा पोचतो म्हणे. मग ॲसिटिलकोलिन रिसेप्टरच्या (स्नायूवर नसेचा निरोप घेणाऱ्या जागेच्या) विरुद्धच्या अँटीबॉडीज तपासल्या, थायमस या छातीतल्या प्रतिकारशक्तीच्या ग्रंथीसाठी छातीचा सीटी झाला.

दोन्ही आजार एकाच माणसात दिसणं नवलाचं नाही. ग्रेव्हजमध्ये अँटीबॉडीज ग्रंथीला सतत पळवत ठेवतात, मायस्थेनियात स्नायूचा निरोप अडवतात. घर वेगळं, खोड तीच.

एक मात्र डॉक्टरांना आवर्जून विचारा: धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू आहे का? या बीटा ब्लॉकर प्रकारच्या गोळीने मायस्थेनिया बळावू शकतो. मनाने गोळी बंद करू नका, पण गिळताना ठसका किंवा धाप लागली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या.