सोलर प्लेटांवर छापलंय 3 किलोवॅट, मे महिन्यात निघतात सव्वादोन. मग छापता कशाला?

कपाशीवाला (आर्वी): स्लॅबवर 3 किलोवॅटच्या प्लेटा बसवल्या. भर मे, दुपारचे साडेबारा, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि इन्व्हर्टरवर 2150 वॅट. पहाटे प्लेटा धुतल्या, तर त्या दुपारी 2250. बसवणारा म्हणतो, नॉर्मल आहे. माझं म्हणणं, आमच्या उन्हात निघतं तेवढंच छापा.

वणीचा वायरमन: नॉर्मलच आहे भाऊ. छापलेला आकडा प्रयोगशाळेतला असतो: चौरस मीटरला 1000 वॅट प्रकाश आणि प्लेटीतल्या सेलचं तापमान 25 अंश. हवेचं नाही, सेलचं! प्लेटीच्या पाठीला थर्मोकपल (तापमान मोजायची तार) चिकटवा, आपल्याकडे मे महिन्यात 65 सहज दिसतं. सिलिकॉनच्या प्लेटीची वीज अंशामागे साधारण 0.35 टक्के खाली येते. 40 अंश जास्त, म्हणजे 14 टक्के गेले. ऊन 900 धरलं तर उरले 2320, त्यातलं थोडं इन्व्हर्टर खातो. जुळला हिशोब.

कपाशीवाला: 900 "धरलं" म्हणजे? मोजलं कोणी?

वणीचा वायरमन: हे मात्र बरोबर पकडलंत. ऊन मोजायचा मीटर प्लेटीच्याच उतारावर टेकवून धरायचा, जमिनीला आडवा नाही. मोबाइलचं उजेड मोजायचं लक्स अ‍ॅप यात चालत नाही.

दारव्ह्याचा बावा: काहून डोकं खपवता? माह्या वावरात 5 एचपीचा सौरपंप हाये. हजार लिटरची टाकी किती मिनिटात भरते, थे पायतो. झालं मोजमाप.

वणीचा वायरमन: मे महिन्यात विहिरीचं पाणी खाली जातं, टाकी उशिरा भरते. दोष प्लेटीला लावाल.

दारव्ह्याचा बावा: लावीन ना! पऱ्हाटीले वॅट नाई लागत, पाणी लागते.

निवृत्त मास्तर: छापील आकडा दोन प्लेटांची तुलना करायला असतो. तीच प्लेट लेहला जाते, तीच चंद्रपूरला; किती गावांचे आकडे छापणार? शिवाय माहितीपत्रकात दुसरा आकडाही असतो, 800 वॅट ऊन, हवा 20 अंश, थोडा वारा धरून काढलेला. तो वाचावा.

कपाशीवाला: मास्तर, मे महिन्यात 20 अंश आमच्या फ्रिजमध्ये असतात, स्लॅबवर नाही. एक ओळ 45 अंशांचीही छापा की. तोवर मीटर कुणाकडे असेल तर सांगा, पुलगावपर्यंत न्यायला येतो.