लिंक १६ वर सगळे एकदम कसे बोलतात?

नभ: नाटोच्या लिंक १६ बद्दल, म्हणजे लष्करी विमानं जहाजं एकमेकांना माहिती पाठवतात त्या रेडिओ नेटवर्कबद्दल वाचतोय, एकाच नेटवर्कवर एवढी विमानं जहाजं असतात तर सिग्नल एकमेकांत घुसत कसे नाहीत?

रेडिओवेडा: अरे पाळ्या वाटून दिलेल्या असतात. सेकंदाचे १२८ तुकडे, प्रत्येक साधारण ७.८ मिलिसेकंदांचा, ज्याचा तुकडा त्याने बोलायचं बाकीच्यांनी ऐकायचं, आणि त्यातही ५१ फ्रिक्वेन्सींवर सतत उड्या मारतं म्हणून जॅम करणं अवघड जातं.

दर्यावर्दी: आणि बहुतेक वेळा आवाज नाही, ठरलेल्या साच्यातले मेसेज जातात. अवॅक्सच्या, म्हणजे मोठं रडार घेऊन उडणाऱ्या टेहळणी विमानाच्या, रडारला दिसलेलं विमान एफ-१६ च्या पायलटला स्वतःचं रडार बंद असतानाही स्क्रीनवर दिसतं, मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं!

नभ: मग डोंगराआड?

रेडिओवेडा: थेट नाही पोचत, वर उडणारं एखादं विमान रिले करतं.