डोळे मिटून आवाजाची दिशा कळते कशी? वर्गासाठी प्रयोग हवा

विज्ञान शिक्षिका, कोल्हापूर:
नववीच्या मुलांचे डोळे बांधून टाळी वाजवली, तर डावी-उजवी बाजू बिनचूक सांगतात, पण समोर की पाठीमागे यात हमखास फसतात. असं का होतं? शिवाय दोन कानांतला वेळेचा फरक स्वस्तात दाखवता येईल का?

ध्वनी_अभ्यासक:
मॅडम, गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती नळी एक मीटर आणा. बरोबर 50 सेंमीवर खूण करा, दोन्हीकडे सेंटीमीटरच्या रेघा मारा. टोकं कानाच्या तोंडाशी नुसती टेकवायची, आत घालायची नाहीत. नळी पाठीमागून न्या आणि पेन्सिलीनं हलकी टिचकी मारा. खुणेवर मारलीत तर आवाज मधोमध वाटेल. 2 सेंमी उजवीकडे मारलीत, की उजव्या कानाची वाट डाव्यापेक्षा 4 सेंमीनं कमी होते. आवाज मिलिसेकंदाला साधारण 34 सेंमी जातो, म्हणजे फरक जेमतेम 0.12 मिलिसेकंद, तरी मूल लगेच उजवा हात वर करतं! एरवी कानाच्या अगदी बाजूनं आलेल्या आवाजातही हा फरक 0.6-0.7 मिलिसेकंदच असतो.

नळी बाकाला टेकली तर ठोका लाकडातून जातो आणि प्रयोग फसतो. एक टोक सैल राहिलं तर त्या कानाला आवाज बारीक येतो. शंका आली की टोकं अदलाबदल करून बघा.

श्रवणतज्ज्ञ:
समोर आणि पाठीमागे वेळेचा फरक सारखाच, शून्याजवळ. तिथे कानाच्या पाळीच्या घड्या कामाला येतात, पण मुख्यतः 4-5 हजार हर्ट्झच्या वरच्या आवाजांना. म्हणून किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवा. मोबाईलवरचा 500 हर्ट्झचा सूर घेतलात तर गोंधळ वाढेल. आधी मान स्थिर ठेवून, मग हलवू देऊन तपासा. मान उजवीकडे वळवल्यावर आवाज डाव्या कानाला आधी पोचला तर तो समोरचा, उजव्याला आधी पोचला तर पाठीमागचा. टाळी इतकी छोटी, की मान वळवायला वेळच मिळत नाही.

ध्वनी_अभ्यासक:
अगदी बरोबर. आणि हा भाग वर्गात नको, पत्र्याखाली तर नकोच. मेंदू आधी पोचलेल्या आवाजाची दिशा धरतो, काही मिलिसेकंदांनी आलेला पडसाद त्यातच मिसळतो. पण सलग सुराला 'आधी' असं काही उरत नाही. पेठेतल्या अरुंद बोळातही तेच: वळणाआडच्या गाडीचा हॉर्न समोरच्या भिंतीवर आपटूनच पहिल्यांदा कानावर येतो, म्हणून तो भिंतीकडून आल्यासारखा वाटतो. शाळेचं मैदान किंवा सकाळचा रंकाळ्याचा काठ बघा.