अकरा सह्या केल्या, टिक कुणाची?

कराडची_बाई : आमचं टेस्ट ट्यूब बेबीचं चाललंय. पिकअपच्या, म्हणजे स्त्रीबीजं बाहेर काढायच्या दिवशी साडेसातला क्लिनिकमध्ये पोचलो. मी रात्रीपासून उपाशी, हाताला सलाईन, अंगात तो मागून बांधायचा गाऊन. सिस्टरनं कागदांचा गठ्ठा पुढं केला. "ताई, फुल्या केल्यात तिथं सह्या करा, डॉक्टर थांबलेत." सगळं इंग्रजीत. मी शाळेत शिकवते, इंग्रजी वाचता येतं. पण त्या वेळी अक्षर दिसत नव्हतं. अकरा सह्या केल्या एवढं आठवतंय. ह्यांनीही भराभर केल्या.

पाच एम्ब्रियो, म्हणजे गर्भ, झाले. एक गर्भाशयात ट्रान्सफर केला, रिपोर्ट निगेटिव्ह आला. चार फ्रीझ आहेत. परवा फाइलची झेरॉक्स घेतली तर उरलेले एम्ब्रियो 'संशोधनासाठी द्यावेत' या चौकटीत टिक! ती मी केलेली नाही. खाली सही मात्र माझीच. सासूबाई म्हणतात, सही केलीस ना, मग आता काय? ही संमती झाली का?

निशिगंध : आमच्याकडे नवऱ्याची एक सही राहिली म्हणून पिकअप अर्धा तास थांबवला होता. माझी राहिली असती तर थांबवला असता का, कोण जाणे.

वकील_सोलापूरकर : सासूबाईंना सांगा, अजून बरंच काही करता येतं. 2021 च्या एआरटी, म्हणजे अशा उपचारांसाठीच्या कायद्यात संमती लेखी तर हवीच, पण समजून दिलेली हवी. एम्ब्रियो गर्भाशयात सोडेपर्यंत ती मागे घेता येते. साठवण 10 वर्षांपर्यंत, आणि त्यानंतरही संशोधनाला द्यायचे तर जोडप्याची संमती लागतेच. 2008 चा समीरा कोहली खटला बघा: संमती फक्त दुर्बिणीतून पोटाच्या तपासणीची (लॅप्रोस्कोपीची) होती, भूल दिल्यावर बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन गर्भाशय काढलं. सुप्रीम कोर्टानं ती सही ग्राह्य धरली नाही. संमती मागे घेतो असं तुम्ही दोघांच्या सहीचं पत्र द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

लॅबवाला : मी अशाच एका लॅबमध्ये आहे. कागद जास्त असतात ते कायद्यामुळे, त्यात काही वावगं नाही. चुकतो तो सह्या घ्यायचा दिवस. आम्ही आता पहिल्या इंजेक्शनच्या आधीच फॉर्म घरी देतो. निम्मे लोक न वाचताच परत आणतात, ते सोडा.

कराडची_बाई : पत्र दिलं, शिक्क्याची पोच मिळाली. ह्यांनी या वेळी दोनदा वाचून सही केली. त्या चारांचं काय करायचं, ते आमचं दोघांचं अजून ठरत नाहीये.