मदत हवी आहे : सासऱ्यांसाठी किडनीला चालेल असं दुपारचं साधं जेवण

नमस्कार. आम्ही साताऱ्याजवळ गावात राहतो. सासरे ६८ वर्षांचे, वजन ६० किलो, बीपी जुनं आहे आणि आता रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते कळतं त्यावरून) ३.१ आणि पोटॅशियम ५.६ आलंय, दोन्ही वाढलेलं. डायलिसिस नाहीये अजून. डॉक्टर म्हणाले मीठ दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा, प्रोटीन ३६ ग्रॅमच्या आसपास आणि जास्त पोटॅशियमचं बंद. डाएटचा छापील कागद दिलाय त्यात झुकिनी, ऑलिव्ह ऑइल असलं लिहिलंय, ते इथे कुठे शोधू आणि आणलं तरी आप्पा खाणार नाहीत.

आमच्याकडे भाजीत दाण्याचं कूट, आमटीत टोमॅटो, तोंडी लावायला ठेचा नाहीतर शेंगदाण्याची चटणी, पापड-लोणचं, म्हणजे त्यांच्या आवडीचं सगळंच गेलं. पंधरा दिवस झाले मी त्यांना वेगळा दुधी उकडून देतेय, ते काही न बोलता दोन घास खातात आणि ताट बाजूला सारतात. परवा म्हणाले, "सूनबाई, मला आजाऱ्याचं नको, तुमच्यातलंच थोडं दे." तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाहीये.

तर विचारायचंय की सगळ्यांसाठी एकच भाजी करून त्यांना चालेल असं कसं जमवायचं? सैंधव चालतं असं जाऊबाई म्हणतात ते खरं का, आणि दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळतं ते आणू का? बटाटा कायमचाच बंद का? आणि वरणाचं काय, ते तर त्यांना रोज लागतंच.

प्रतिसाद :
ताई, आधी ते कमी सोडियमचं मीठ अजिबात आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, आप्पांचं पोटॅशियम आधीच वाढलंय, त्यांना ते धोक्याचं आहे. सैंधव म्हणजेसुद्धा मीठच, सोडियम तेवढंच. माझ्या आईचं चार वर्षं करतेय. मी भाजी सगळ्यांची एकाच कढईत करते पण मीठ न घालता, आईची वाटी आधी काढते, तिच्यात मोजून चिमूटभर, मग बाकीच्यांची चव आणि कूट. दुधी, पडवळ, दोडका, कोबी आलटून पालटून. फोडणी मात्र हात राखून करू नका, लसूण, जिरं, हिंग, कढीलिंब, हिरवी मिरची, वरून जरा लिंबू, मिठाची उणीव बरीच भरून निघते.

बटाटा कधीतरी चालेल, पण बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं, मग फोडणी. नुसतं भिजवून फार काही निघत नाही. आणि कुकरमध्ये रस्सा केला तर पोटॅशियम रश्शातच राहतं, म्हणून रस्सा नको. नारळपाणी तर नाहीच आणि कमरख (स्टारफ्रूट) चुकूनही नको, किडनीच्या पेशंटला ते विषासारखं आहे.

वरण बंद करू नका, मोजा. २० ग्रॅम तूरडाळीचं पातळ वरण, दोन मध्यम पोळ्या, वाटीभर भात, एवढ्यात १३-१४ ग्रॅम प्रोटीन होतं, ३६ मध्ये बसतं. पण डायलिसिसवाल्यांचा तक्ता कुणी पाठवला तर तो वापरू नका, त्यांना प्रोटीन उलट जास्त लागतं.

मूळ प्रश्नकर्ती :
खूप खूप आभार. भाजी उकळलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून मी कणकेत घालत होते, म्हणजे काढलेलं परत त्यांच्याच पोटात जात होतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आज पडवळाची भाजी केली, लसणाची खमंग फोडणी, त्यांची वाटी आधी काढली आणि पंगतीला आमच्याबरोबरच बसवलं. पोळी एक जास्त मागितली त्यांनी. मी दिली, आता रात्री अर्धी कमी देईन, चालेल ना असं? आणि ज्वारीच्या भाकरीचं कुणी सांगाल का, आठवड्यातून दोनदा तरी त्यांना हवी असते, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारणारच आहे पण ती अजून दहा दिवसांनी आहे.