संगीताचा ‘प्रॉम्प्ट’ : आज्ञा, फर्माईश की वर्णन?

प्रश्न

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून संगीत तयार करून घेताना जो मजकूर लिहून द्यावा लागतो, त्या ‘प्रॉम्प्ट’साठी ‘आज्ञा’, ‘सूचना’ आणि ‘फर्माईश’ असे तीन पर्याय वाचनात आले. यांपैकी कोणता शब्द अर्थाला अधिक धरून आहे? तसेच लय, ताल, पट्टी हे आपले शब्द अशा मजकुरात जसेच्या तसे वापरल्यास अपेक्षित परिणाम मिळतो का?

प्रतिसाद

‘फर्माईश’ हा शब्द कानाला गोड लागतो, पण फर्माईश करणाऱ्याला चीज (बंदिश) आधी ठाऊक असते आणि गाणाऱ्यालाही ती येत असते. येथे दोन्ही गोष्टी नाहीत. ‘आज्ञा’ या शब्दाने तर सरळ दिशाभूल होते. माझ्या मते योग्य शब्द ‘वर्णन’ हाच आहे. मेटा कंपनीने जून २०२३मध्ये प्रसिद्ध केलेले म्यूझिकजेन हे मजकुरावरून संगीत बनवणारे मॉडेल सुमारे २०,००० तासांच्या संगीतावर आणि त्याला जोडलेल्या मजकुरावर घडवलेले आहे. त्याच वर्षी जानेवारीत गूगलने म्यूझिकएलएम या तशाच मॉडेलसोबत म्यूझिककॅप्स नावाचा एक संच खुला केला. त्यात दहा-दहा सेकंदांचे ५,५२१ ध्वनिखंड असून प्रत्येकाचे वर्णन संगीताच्या जाणकारांनी लिहिलेले आहे. अशा नोंदींत कोणती वाद्ये वाजत आहेत, गती किती आहे, आवाज कसा आहे, असे वर्णन असते. ‘असे गाणे बनव’ असे त्यात कोठेही नसते. म्हणून आपला मजकूरही ऐकून झालेल्या गाण्याच्या नोंदीसारखा असला, तर तो अधिक नेमका पोहोचतो.

यातून नकाराचा प्रश्नही सुटतो. गाण्याचे वर्णन करताना त्यात काय नाही हे आपण क्वचितच सांगतो. त्यामुळे ‘ढोलकी नको’ असे लिहिले की ‘नको’ निसटून ‘ढोलकी’ तेवढी लागू पडण्याचा धोका असतो. त्याऐवजी ‘फक्त तानपुरा आणि बासरी’ असे लिहावे. (सुनो या संगीत बनवणाऱ्या सेवेत नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना आहे, तो वापरावा.)

दुसरा प्रतिसाद

वरील मत पटले, तरी एक शंका उरते : जे गाणे अजून अस्तित्वातच नाही, त्याचे वर्णन कसे करणार? बाकी लय आणि ताल यांच्याबद्दल लिहितो, कारण खरा घोटाळा तेथे आहे.

बोलण्यात आपण हे दोन्ही शब्द सैलपणे वापरतो, पण लय म्हणजे गती आणि ताल म्हणजे मात्रांचे आवर्तन. गती सांगायची तर मिनिटाला किती ठोके हा आकडा, म्हणजे बीपीएम, द्यावा. ६० बीपीएम म्हणजे सेकंदाला एक ठोका. ‘विलंबित’ या शब्दाला मात्र नुसते ‘संथ’ समजू नये. विलंबित ख्यालात एकच मात्रा कित्येक सेकंद चालू शकते, आणि जुन्या यांत्रिक मेट्रोनोमची (ठोके देणाऱ्या यंत्राची) मोजणी सहसा ४० बीपीएमच्या खाली उतरत नाही. तेव्हा ‘विलंबित ख्याल’ असा प्रकार नमूद न करता केवळ ‘संथ’ लिहिले, तर पाश्चात्त्य धर्तीचे हळुवार गाणे हाती येण्याचीच शक्यता अधिक.

तालाचेही तसेच आहे. रूपक हा ताल हवा म्हणून ‘सात मात्रा’ असे लिहिले तर संख्या पोहोचते, विभागणी पोहोचत नाही. रूपकाचे खंड ३-२-२ असे आहेत, तर बल्गेरियातील राचेनित्सा या नृत्याचे २-२-३. मात्रा सातच, पण चाल अगदी वेगळी. म्हणून तालाचे नाव, विभागणी आणि वाद्य ही तिन्ही लिहावीत : ‘रूपक ताल, सात मात्रा, ३-२-२, तबला’. एवढे करूनही सम (आवर्तनाची पहिली मात्रा) रूपकात येते तशी ‘खाली’वर, म्हणजे टाळी नसलेल्या जागी, येईल याची हमी देता येत नाही, हे मान्य करायला हवे.

प्रश्नकर्ता

‘पट्टी’बद्दल कोणी सांगावे. आणि ‘सुंदर’, ‘भावपूर्ण’ ही विशेषणे ठेवावीत की गाळावीत?

पहिला प्रतिसादकर्ता

पट्टी केवळ षड्ज (सा) कोठे धरला आहे ते सांगते. काळी चार म्हणजे जी शार्प, हे रूपांतर आपणच करून द्यावे. शिवाय पाश्चात्त्य ‘की’मध्ये स्वररचना मेजर आहे किंवा मायनर हेही आलेले असते, ते पट्टीत येत नाही, त्यामुळे रागाचे किंवा स्केलचे नाव वेगळे द्यावे लागते.

‘सुंदर’ निःसंकोच गाळावा. तो ऐकणाऱ्याचा निवाडा आहे, नादाचा गुण नव्हे. ‘भावपूर्ण’ त्याहून थोडा बरा, पण ‘घोगरा’, ‘खर्जातला’, ‘कुजबुजता’, ‘घुमारा असलेला’ या शब्दांमागे कानाला जाणवणारे काहीतरी ठोस आहे. ‘आईच्या आठवणीचे एक अतिशय सुंदर, भावपूर्ण गाणे बनव’ आणि ‘ध्वनिमुद्रण जवळून, स्त्रीचा खर्जातला आवाज, साथीला फक्त गिटार, ७० बीपीएम, मायनर, शेवटी व्हायोलिन’ या दोन मजकुरांची तुलना करावी. दुसऱ्यात क्रियापद नाही, ‘आई’ही नाही, तिची जागा गीताच्या शब्दांत आहे.

अस्तित्वात नसलेल्या गाण्याच्या शंकेविषयी : वर्णन कल्पिताचेही करता येते, कादंबरीकार दुसरे काय करतो? तरीही एके ठिकाणी मी ‘सूचना’ हा शब्द मान्य करतो. सुनोसारख्या सेवेत गीताच्या रकान्यात चौकटी कंसात जी भागांची नावे लिहितात, ती वर्णने नव्हेत. कोणत्या ओळी कशा गायच्या याच्या त्या सूचनाच आहेत. तेथे ‘अंतरा’ लिहिणे मात्र जोखमीचे आहे, कारण भावगीतात अंतरा म्हणजे कडवे आणि ख्यालात तार षड्जाकडे चढणारा बंदिशीचा दुसरा भाग. कंसात ‘व्हर्स’ (कडवे) आणि ‘कोरस’ (ध्रुवपद) हेच प्रचलित शब्द ठेवावेत.