मे महिन्यात तेरा दिवस घर बंद राहणार आहे. टाकीतील माशांची व्यवस्था कशी लावावी?

काचघर, डोंबिवली

नमस्कार. ५ मे ते १८ मे या काळात आम्ही सगळे राजापूर तालुक्यातील गावी जाणार आहोत आणि घर पूर्ण बंद राहणार आहे. आमची टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद व सव्वा फूट उंच असून खडी धरून तिच्यात साधारण ११० लिटर पाणी राहते. तिच्यात दोन एंजल, चार मॉली, सहा कोरीडोरास आणि चार बोटे लांबीचा एक प्लेको आहे. याशिवाय मॉलीची तीन आठवड्यांची पंधरा-सोळा पिल्ले जाळीच्या पेटीत वेगळी ठेवली आहेत. वर टॉप फिल्टर आहे आणि एअर पंपावर चालणारा एक स्पंज फिल्टरही आहे.

काळजी वाटण्याचे कारण मागच्या वर्षीचा अनुभव. पाच दिवस लग्नाला गेलो असताना दुकानातून आणलेली, सुट्टीसाठी म्हणून विकली जाणारी पांढरी खाद्यवडी टाकीत सोडली होती. परत आलो तेव्हा पाणी ताकासारखे झाले होते, दोन्ही एंजल पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकत होते आणि त्यांतला एक त्याच रात्री गेला. आता जोडीला आहे तो नंतर आणलेला.

या वेळी शेजारच्या काकू रोज येऊन खाणे घालायला आनंदाने तयार आहेत, परंतु त्यांनी मासे कधी पाळलेले नाहीत. त्यांना काय आणि किती सांगावे, स्वयंचलित खाद्ययंत्र घ्यावे का, आणि वीज गेली तर काय होईल, या तिन्ही गोष्टींबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

शेवाळ, सांगली

आपल्या मागच्या अनुभवातच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. पाच दिवसांत तो एंजल उपासमारीने जाणे शक्य नव्हते. तो पाण्यामुळे गेला. मासे शीतरक्ताचे असल्यामुळे शरीर ऊबदार ठेवण्यासाठी त्यांना अन्न जाळावे लागत नाही, आणि नीट पोसलेला, निरोगी, पूर्ण वाढीचा मासा आठवडाभर काहीही न खाता सहज राहतो. न खाल्लेले अन्न मात्र तळाशी कुजते, त्यातून अमोनिया तयार होतो, आणि कुजण्याच्या क्रियेत पाण्यातला प्राणवायूही खर्च होतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खडीत राहणारे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात, पण ते रोजच्या मापाला सरावलेले असतात. एकाएकी चौपट खाणे पडले, तर त्यांची संख्या वाढेपर्यंत माशांचे कल्ले जळून जातात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की काकूंनी रोज खाणे घालू नये. तेरा दिवसांत चार वेळा पुरे. प्रत्येक वेळेचे खाणे आपण स्वतः मोजून, पूर्वी वैद्य औषधाच्या पुड्या बांधून देत तशा कागदाच्या चार पुड्या बांधा, प्रत्येकीवर तारीख लिहा आणि खाद्याचा डबा कपाटात कुलूपबंद करून जा. पुडीत नेहमीच्या एका वेळच्या खाण्यापेक्षा थोडे कमीच असू द्या. एंजल काचेजवळ आला की माणसाला तो भुकेला वाटतो आणि हात आपोआप डब्याकडे जातो. डबाच समोर नसला, म्हणजे काकूंवरही तो भार राहत नाही. प्लेकोसाठी काकडीची किंवा दुधीची फोड टाकून ठेवण्याचा मोह टाळा, ती दोन दिवसांत लिबलिबीत होते. त्याऐवजी आतापासून टाकीची मागची काच घासू नका. तिच्यावरचे शेवाळ त्याला पुरेल.

निघण्यापूर्वीची कामेही वेळेवर विभागा. तीन दिवस आधी पंचवीस ते तीस टक्के पाणी बदला आणि नवे पाणी क्लोरीन घालवूनच घाला. फिल्टरचा स्पंज धुवायचा असेल तर दहा-बारा दिवस आधी, आणि तोही टाकीतून काढलेल्या पाण्यात नुसता पिळून घ्या. आदल्या दिवशी नळाखाली खळखळून धुतला, तर ज्यांच्या भरवशावर आपण जाणार तेच जिवाणू आपण धुऊन टाकलेले असतात. आता नवा मासा आणू नका. नव्या माशाबरोबर रोग आला, तर तो नेमका आपण गावी असताना डोके वर काढतो.

खाद्ययंत्र वाईट नसते, पण ते आजच लावा आणि निदान आठवडाभर आपल्या डोळ्यांदेखत चालू द्या. मे महिन्याच्या दमट हवेत, त्यातही बुडबुड्यांच्या जवळ ठेवले, तर आतले पापुद्र्याचे खाद्य ओलसर होऊन भोकाशी गोळा होतो. त्यात बारीक गोळ्यांचे कोरडे खाद्यच घालावे.

पिल्लांचा प्रश्न खरोखर वेगळा आहे. तीन आठवड्यांच्या पिल्लांना दिवसातून दोन-तीनदा खाणे लागते आणि त्यांना मोठ्यांत सोडले तर एंजल एका रात्रीत संपवतील. टाकी असलेल्या एखाद्या मित्राकडे तेवढ्या दिवसांपुरती पोहोचवा.

उन्हाळी, नागपूर

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु मे महिन्यात खाण्याइतकीच भीती उष्णतेची आणि विजेची असते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे फार तर सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहतो. ३२ अंशांना हाच आकडा ७.३ च्या आसपास येतो. उलट पाणी तापले की माशांच्या शरीरातील क्रिया वेगाने चालतात आणि त्यांना प्राणवायू अधिक लागतो. त्यात वीज जाऊन पृष्ठभागाची हालचाल थांबली, की मासे काही तासांत वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. कोरीडोरास वर येऊन हवेचा घोट घेऊ शकतात आणि वेळ मारून नेतात. एंजलची तशी सोय नसते.

माझ्या घरी तीन वर्षांपूर्वी घडले ते सांगतो. आम्ही सहा दिवस बाहेरगावी निघालो होतो. फिल्टर, टायमर, पडदे, सगळे मी दोनदा तपासले होते. सामान खाली नेऊन ठेवल्यावर वडील घर बंद करायला वर गेले आणि आयुष्यभराच्या सवयीप्रमाणे त्यांनी गॅस, नळ आणि विजेचा मेन स्विच बंद केला. त्यांची चूक म्हणता येणार नाही, मीच त्यांना सांगितले नव्हते. परतल्यावर दार उघडताच वास आला. त्या टाकीत सात वर्षांचा एक ऑस्कर होता आणि तो माझ्या हातातून खाणे घेत असे. तेव्हापासून मेन स्विचच्या पेटीवर मी लाल अक्षरांत चिठ्ठी चिकटवतो, आणि दाराला कुलूप लावण्यापूर्वी शेवटचे जे काम करतो ते म्हणजे टाकीपाशी उभे राहून पंपाचा आवाज ऐकणे.

आपल्याकडे इन्व्हर्टर असेल, तर एअर पंप त्याच्या प्लगवर घ्या. लहान पंप अवघे तीन ते पाच वॉट घेतो, त्यामुळे बाकी घर बंद असताना तो दीर्घकाळ चालतो. इन्व्हर्टर नसेल तर वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा पंप मिळतो, तो घ्या. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल, तर नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर पंप बंद पडताच टाकीतले पाणी नळीतून उलटे वाहून फरशीवर येते. मे महिन्यात हीटरची गरज नाही, त्याचा प्लग काढूनच ठेवा. दिवा टायमरवर सहा तास पुरे. खिडकीतून टाकीवर ऊन येत असेल तर पडदा ओढून जा. आणि पाणी काठोकाठ भरून, झाकण लावून निघा, कारण या दिवसांत बाष्पीभवनाने पातळी चांगली उतरते. टॉप फिल्टरचा पंप उघडा पडून कोरडा फिरला, तर तो जळतो.

ओसरी, सातारा

मी मासे पाळत नाही. मी आपल्या शेजारच्या काकूंच्या जागी होते, म्हणून लिहिते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत समोरच्या बिऱ्हाडाने आपली टाकी माझ्यावर सोपवली होती. "चिमूटभर घाला" एवढेच त्यांनी सांगितले होते, आणि माझी चिमूट ही स्वयंपाकातली चिमूट होती. चौथ्या दिवशी पाणी गढूळ दिसले, तेव्हा मासे आजारी आहेत असे समजून मी आणखी खाणे घातले. त्यांना फोन करावा की सणात त्रास देऊ नये, या विचारात एक दिवस गेला. पाच गोल्डफिश गेले. त्यांनी मला एका शब्दाने दुखावले नाही, पण त्यांच्या मुलीसमोर जाण्याचे मी कितीतरी दिवस टाळत होते.

म्हणून विनंती अशी, की काकूंना काम देताना फक्त पुड्या देऊ नका. निघण्याआधी एकदा त्यांच्या हाताने खाणे घालून घ्या. मासे मोजायला शिकवा आणि एखादा मेला तर जाळीने काढून टाकायचा, हे आधीच सांगा, म्हणजे त्या घाबरणार नाहीत. पाणी गढूळ दिसले तर खाणे बंद करून लगेच फोन करायचा, हेही कागदावर लिहून टाकीशेजारी चिकटवा. "कोणत्याही वेळी फोन केला तरी चालेल" हे वाक्य आपण तोंडाने म्हणणे फार गरजेचे आहे.

काचघर, डोंबिवली

आपणा तिघांचेही मनापासून आभार. काल काकूंना बोलावून त्यांच्या हाताने खाणे घालून घेतले आणि पहिल्याच वेळी लक्षात आले, की त्यांची चिमूट माझ्या तिप्पट आहे. पुड्या बांधून झाल्या आहेत. पिल्ले कल्याणच्या मित्राकडे जातील. बॅटरीचा पंप आणला असून आज दोन तास मेन बंद ठेवून तो चालवून पाहिला.

काचघर, डोंबिवली

काल रात्री अकराला परतलो. चपला न काढता आधी टाकीपाशी गेलो. तेराच्या तेरा मासे आहेत. पाणी तीन बोटे उतरले होते, मागची काच प्लेकोने एका बाजूने स्वच्छ केली आहे आणि पाण्याला कसलाही वास नाही. १२ तारखेला दुपारी चार तास वीज नव्हती, त्या वेळी काकू दोनदा येऊन पंपाचे बुडबुडे पाहून गेल्या. चौथी पुडी मात्र तशीच शिल्लक आहे. त्या दिवशी पाणी किंचित धूसर वाटले, म्हणून काकूंनी ती घातली नाही आणि मला फोन केला होता.